शेवाळ खाणारा मासा निवडताना आधी तोंड पाहा

रीफ टाकीतल्या, म्हणजे जिवंत प्रवाळ असलेल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतल्या, खडकांवर हिरवी लव दिसू लागली की बहुतेक जण दुकानात जाऊन शेवाळ खाणारा मासा मागतात, आणि तो मिळतोही. पुढे दोन महिन्यांनी शेवाळ तसेच असते, मासा मात्र खंगलेला असतो. याचे कारण बहुधा असे असते की त्या माशाला ते शेवाळ खाताच येत नव्हते. काचेवरचा पातळ तपकिरी थर, खडकावर वाढलेले केसाळ शेवाळ, प्रवाळांच्या फांद्यांमध्ये अडकलेले फुग्यांसारखे शेवाळ आणि पिसासारखे ब्रायॉप्सिस या खाण्याच्या दृष्टीने पूर्णपणे वेगळ्या गोष्टी आहेत. एखादा मासा जे दिवसभर आवडीने खरवडतो, त्याकडे दुसरा ढुंकूनही पाहत नाही. म्हणून रंगावर भाळण्याआधी माशाचे तोंड पाहावे: दात कसे आहेत, ओठ जाड आहेत की पातळ, तोंड पुढे निमुळते झालेले आहे की बोथट. निम्मी निवड तिथेच होते.

मात्र त्याच्याही आधी टाकीत नेमके काय वाढले आहे ते ओळखावे लागते, आणि त्यासाठी चिमटा किंवा ओली बोटे पुरतात. चिमट्यात धरून ओढल्यावर तंतू ताणला जाऊन तुटत असेल, तर ते केसाळ शेवाळ आहे. गडद लालसर किंवा निळसर हिरवी बुळबुळीत चादर एकसंध सुटून येत असेल, तर ते शेवाळ नसून सायनोबॅक्टेरिया, म्हणजे प्रकाशावर जगणारे जिवाणू, आहेत. तपकिरी, शेंबडासारखे धागे असून त्यांच्या टोकांना हवेचे बुडबुडे लटकत असतील, तर डायनोफ्लॅजेलेट्स या सूक्ष्म एकपेशीय जीवांचा संशय घ्यावा. त्यांच्या काही जाती विषारी असतात आणि ते खाणाऱ्या गोगलगायी मरतात. या दोन्हींवर कोणताही मासा उपाय नाही, त्यामुळे तिथे मासा आणणे म्हणजे रोग एक आणि औषध दुसरेच असा प्रकार होतो. नव्या टाकीत पहिल्या काही आठवड्यांत वाळूवर पसरणारी तपकिरी पूड ही डायटम्सची, म्हणजे सूक्ष्म एकपेशीय शेवाळाची, असते. पाण्यातले सिलिकेट संपत आले की ती बहुधा आपोआप ओसरते. तिच्यासाठी घाईने मासा घेऊ नये.

काचेवर आणि खडकावर पातळ थर सतत धरत असेल, तर टिनोकीटस वंशातले टँग (सर्जनफिश कुळातले चपटे समुद्री मासे) सर्वांत उपयोगी ठरतात. त्यांचे दात ब्रशच्या केसांसारखे बारीक, लवचीक आणि संख्येने पुष्कळ असतात. हा मासा शेवाळ तोडत नाही, तर पृष्ठभागावर ओठ टेकवून डायटम्सचा थर आणि त्यात अडकलेला बारीक गाळ झाडून घेतो. डोळ्याभोवती पिवळे कडे असलेला कोले टँग आणि टोमिनी टँग हे दोघेही सुमारे १५ सेंमीपर्यंत वाढतात, म्हणजे टँग कुळात ते लहानच. लांब वाढलेल्या केसाळ शेवाळावर मात्र त्यांचा फारसा उपयोग नाही. झाडूने गवत कापता येत नाही, तसेच हे आहे.

ते काम झेब्रासोमा वंशाचे. पिवळ्या टँगचे तोंड पुढे निमुळते झालेले असते आणि त्याच्या टोकाशी छोटे दात असतात, त्यामुळे तो खडकाच्या खाचांत शिरून तंतू खुडू शकतो. त्याची वाढ सुमारे २० सेंमीपर्यंत होते. त्याचाच तपकिरी भाऊबंद स्कोपस टँग दिसायला साधा, पण कामाला तितकाच चोख आहे, आणि माझ्या मते त्याच्याकडे विनाकारण दुर्लक्ष होते. याच वंशातला सेलफिन टँग दुकानात तळहाताएवढा आणि अतिशय देखणा दिसतो. तो सुमारे ४० सेंमीपर्यंत जातो, त्यामुळे घरातल्या बहुतेक टाक्यांसाठी तो विचारातच घेऊ नये.

फॉक्सफेस हा रॅबिटफिश कुळातला मासा इतरांनी नाकारलेले शेवाळही खातो. ब्रायॉप्सिस किंवा फुग्यांचे शेवाळ खाण्याची शक्यता सर्वाधिक असलेला मासा कोणता, असे विचारल्यास मी त्याचेच नाव घेईन, पण प्रत्येक फॉक्सफेस ते खाईलच अशी हमी देता येत नाही. त्याच्या दोन गोष्टी आधी माहीत असाव्यात. पहिली म्हणजे पोट रिकामे राहिले की तो मांसल प्रवाळांना चावे घेऊ शकतो. दुसरी अधिक गंभीर आहे: त्याच्या पाठीवरचे आणि पोटाकडचे काटे विषारी असतात. काटा टोचल्यास वेदना तीव्र होतात. टोचलेला भाग सुमारे ४५ अंश सेल्सिअसच्या, कातडी न भाजणाऱ्या पाण्यात बुडवून ठेवावा आणि डॉक्टरांकडे जावे. शिवाय घाबरल्यावर आणि रात्री झोपताना तो अंगावर मळकट तपकिरी ठिपके आणतो. पहाटे टाकीचा दिवा लावून मासा आजारी पडला म्हणून धावपळ करणारे अनेक नवखे लोक केवळ झोपलेला फॉक्सफेस पाहत असतात.

टाकी चार फुटांपेक्षा लहान असेल, तर टँग आणि फॉक्सफेस हे दोन्ही विषय तिथेच संपवावेत. हे मासे दिवसभर पोहत चरत असतात, त्यामुळे त्यांना लिटरपेक्षा लांबी अधिक लागते. लहान टाकीत लॉनमोअर ब्लेनी हा पर्याय उरतो. सुमारे १४ सेंमीपर्यंत वाढणारा, वाटाण्यासारखे डोळे गरगर फिरवणारा हा मासा खडकावर पोट टेकून बसतो आणि मध्येच झेप घेऊन समोरच्या पृष्ठभागावर तोंड आपटतो. त्याच्या जाड ओठांमागे कंगव्यासारखी दातांची बारीक रांग असते. शेवाळ धरलेल्या काचेकडे बाहेरून तिरक्या प्रकाशात पाहिल्यास त्याच्या ओठांचे ठसे एकाशेजारी एक उमटलेले स्पष्ट दिसतात. ते ठसे रोज नवे उमटत असतील, तर मासा खातो आहे. नावात गवत कापण्याचे यंत्र असले, तरी लांब तंतूंवर तोही फारसा प्रभावी नाही. त्याचा भर पातळ थरावर आणि गाळावरच असतो. क्वचित एखादा ब्लेनी शिंपल्याच्या मांसल कडेला किंवा प्रवाळाला चावतो, हेही लक्षात ठेवावे.

काही मासे या यादीत नेहमी घुसडले जातात. निळा हिपो टँग लहानपणी गोंडस असतो, पण तो सुमारे ३० सेंमीपर्यंत वाढतो आणि त्याचा कल पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जिवांकडे अधिक असतो. सेंट्रोपायजी वंशातले बुटके एंजलफिश शेवाळ कुरतडतात खरे, परंतु त्याच तोंडाने प्रवाळही कुरतडतात.

प्रत्यक्ष मासा निवडताना विक्रेत्याला त्या माशाला खायला घालायला सांगावे आणि तो खाताना स्वतः पाहावे. समोर येऊन अन्न तोंडात घेणे पुरेसे नाही, गिळलेले पाहावे. नंतर माशाकडे समोरून, नाकाच्या रेषेत पाहावे. बाजूने सुदृढ दिसणाऱ्या टँगचे पोट समोरून पाहिल्यावर आत ओढलेले दिसू शकते. थोडे खपाटीला गेलेले पोट भरून येते, परंतु डोळ्यांच्या वर आणि पाठीच्या सुरुवातीला मांस आत खचलेले असेल, तर उपासमार फार काळ चाललेली आहे आणि असा मासा दयेपोटीही घेऊ नये. कृत्रिम प्रजननातून आलेला मासा मिळत असेल, तर त्याला प्राधान्य द्यावे. हवाई येथील ओशनिक इन्स्टिट्यूटने २०१५ मध्ये पिवळ्या टँगची पिले प्रथमच बंदिस्त जागेत वाढवून दाखवली. असे मासे तयार खाद्याला लहानपणापासून सरावलेले असतात, ही त्यांची मोठी सोय आहे.

मासा आणल्यावर तो थेट प्रवाळांच्या टाकीत सोडण्याचा मोह अनावर असतो, आणि नेमकी इथेच सर्वाधिक हानी होते. क्रिप्टोकेरिऑन इरिटन्स या परजीवीमुळे होणाऱ्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाला टँग विशेष लवकर बळी पडतात. त्यावरचे तांबेयुक्त औषध प्रवाळ, कोळंबी आणि गोगलगायी यांना घातक असल्याने ते मुख्य टाकीत वापरता येत नाही, आणि एकदा रोग शिरला की टाकी सुमारे अडीच महिने माशांविना ठेवण्याची वेळ येते. त्यामुळे वेगळ्या, साध्या टाकीत किमान चार आठवडे मासा ठेवून पाहणे हेच शहाणपणाचे आहे. त्या टाकीत शेवाळ नसते, म्हणून नोरी म्हणजे समुद्री शेवाळाचे वाळवलेले पान क्लिपला लावून द्यावे. कोले टँग लटकते पान पटकन ओळखत नाही. त्याच्यासाठी शेवाळयुक्त खाद्याची घट्ट पेस्ट सपाट दगडावर पातळ चोपडून, थोडी सुकू देऊन दगड तळाशी ठेवावा. खरवडायचा पृष्ठभाग मिळाला की तो पहिल्या-दुसऱ्या दिवशी त्यावर ओठ टेकतो. टँगला पकडताना जाळी टाळावी, कारण शेपटीच्या बुडाशी असलेले वस्तऱ्यासारखे पाते जाळीत अडकते आणि मासाही जखमी होतो, हातही. प्लास्टिकच्या भांड्यात हळूच वळवून घेणे बरे.

टाकीत अनेक मासे टप्प्याटप्प्याने आणायचे असतील, तर टँग सर्वांत शेवटी सोडावा. आधी स्थिरावलेला टँग पूर्ण टाकीला आपली जहागीर समजतो, आणि त्याच्यासारख्या आकाराच्या, त्याच खाण्यावर जगणाऱ्या नवागताची तो खैर ठेवत नाही.

मासा सोडण्याच्या आदल्या दिवशी लांब वाढलेले शेवाळ हाताने उपटून बाहेर काढावे. चरणाऱ्या माशांना कोवळे, आखूड कोंब आवडतात. जुनाट, गाळाने माखलेले झुपके ते टाळतात. हाताने काढण्याचा दुसरा फायदा अधिक मोठा आहे. माशाने खाल्लेले शेवाळ टाकीबाहेर जात नाही, त्यातले नायट्रोजन आणि फॉस्फरस बऱ्याच अंशी विष्ठेतून पुन्हा पाण्यातच येतात. उपटलेले शेवाळ मात्र ते घेऊनच बाहेर पडते. पाणी भरण्यासाठी आरओ-डीआय या शुद्धीकरण यंत्रातून आलेले, टीडीएस मीटरवर (विरघळलेले क्षार मोजणाऱ्या) शून्य दाखवणारे पाणी वापरावे आणि फॉस्फेट साधारण ०.०३ ते ०.१ पीपीएम (दहा लाखांत इतके भाग) या दरम्यान ठेवावे. टाकी शेवाळाने भरलेली असताना चाचणीत फॉस्फेट जवळजवळ शून्य दिसले, तरी हुरळून जाऊ नये, कारण ते शेवाळानेच शोषलेले असते. उलट ते खरोखर शून्यावर आणून ठेवले, तर डायनोफ्लॅजेलेट्सना मोकळे रान मिळते.

शेवाळ आटोक्यात आले की त्या माशाचे ताटच रिकामे झालेले असते. टँग आणि फॉक्सफेस नोरीवर सुखाने राहतात. त्यांना ती दररोज द्यावी. ब्लेनीचे तसे नाही, कारण काही ब्लेनी तयार खाद्याला शेवटपर्यंत तोंड लावत नाहीत. अशा माशासाठी दोन-तीन छोटे दगड वेगळ्या भांड्यात, टाकीच्याच पाण्यात आणि भरपूर उजेडात ठेवून त्यांवर शेवाळ धरू द्यावे आणि ते आळीपाळीने मुख्य टाकीत ठेवत जावे. काचेची एक बाजू न घासता त्याच्यासाठी राखून ठेवावी, आणि त्या बाजूवर ओठांचे नवे ठसे उमटेनासे झाले, तर त्याच दिवशी त्याच्या पोटाकडे समोरून पाहावे.