पुण्यात जुना फ्लॅट विकायचाय? आधी फाइल, मग एजंट

रिसेल फ्लॅट विकायचा ठरला की बहुतेक लोक पहिला फोन एजंटला करतात आणि सगळी गडबड तिथूनच सुरू होते. एजंट पार्टी, म्हणजे घेणारा, आणतो, तुमची कागदपत्रं जुळवणं हे काही त्याचं काम नाही. तो "होऊन जाईल सर, टेन्शन नका घेऊ" म्हणणार, आणि पार्टी टोकनचा, म्हणजे बयाण्याचा, चेक लिहायला बसली की मग आपल्याला कळणार की ओरिजिनल अ‍ॅग्रीमेंट कपाटात नाहीये. मग पार्टी म्हणते, रेट थोडा कमी करा. म्हणून क्रम उलटा ठेवा. उदाहरण कोथरूड, कर्वेनगर, सहकारनगर साइडच्या पंचवीस-तीस वर्षं जुन्या टू बीएचकेचं घेतोय, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथंच असतात.

१. फाइल काढा

आधी बघा तुमची बिल्डिंग सोसायटी आहे (सहकारी संस्था, तुम्ही तिचे सभासद) की अपार्टमेंट (फ्लॅट थेट तुमच्या मालकीचा). पुण्यात दोन्ही भरपूर आहेत आणि रोज आपण सगळ्यालाच सोसायटी म्हणतो. सोसायटी असेल तर शेअर सर्टिफिकेट लागतं आणि त्यावर तुमचं नाव चढलेलं लागतं. अपार्टमेंट असेल तर शेअर सर्टिफिकेट हा प्रकारच नसतो, तिथं तुमच्या नावाचं रजिस्टर्ड डीड ऑफ अपार्टमेंट हवं. बऱ्याच लोकांचं ते झालेलंच नसतं, बिल्डरबरोबरच्या अ‍ॅग्रीमेंटवरच वर्षानुवर्षं राहतायत.

त्याशिवाय लागणार म्हणजे बिल्डरपासून तुमच्यापर्यंतची सगळी अ‍ॅग्रीमेंटं, प्रत्येकाचं इंडेक्स टू (रजिस्ट्रेशनच्या नोंदीचा सरकारी उतारा), स्टॅम्प ड्युटी भरल्याचा पुरावा, भोगवटा पत्र (बिल्डिंग राहायला योग्य असल्याचा कॉर्पोरेशनचा दाखला), कॉर्पोरेशनची टॅक्स पावती, लाइट बिल, मेंटेनन्सची बाकी नसल्याचं पत्र. मधलं एखादं अ‍ॅग्रीमेंट हरवलं असेल तर पोलिसात तक्रार, पेपरात जाहीर नोटीस आणि सब-रजिस्ट्रारकडून सर्टिफाइड कॉपी, हे सगळं आत्ताच करून ठेवा, ऐनवेळी यातच महिना जातो आणि पार्टी दुसरीकडे टोकन देऊन मोकळी होते.

फ्लॅट आई-वडिलांच्या नावावर होता आणि ते आता नाहीत, तर इथं जरा थांबा. सोसायटीत तुमचं नाव नॉमिनी म्हणून आहे म्हणजे तुम्ही मालक झालात असं नाही. मृत्युपत्र नसेल तर सगळे वारस सही करणार किंवा बाकीचे तुमच्या नावे हक्कसोडपत्र (आपला वाटा सोडल्याचा दस्त) करून ते रजिस्टर करणार, दोनच रस्ते. लग्न होऊन गेलेल्या बहिणीचाही हक्क असतो, "ताई काही म्हणणार नाही" हे वकील ऐकून घेत नाही आणि पार्टीची बँक तर नाहीच नाही. भाऊ अमेरिकेत असेल तर पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी लागेल, ती तिकडे कॉन्सुलेटमधून करून इथं आली की तीन महिन्यांच्या आत स्टॅम्प करून घ्यायची. आणि मालकांपैकी कोणी एनआरआय असेल तर त्याच्या वाट्यावर टीडीएस (घेणारा किमतीतून आधीच कापून सरकारला भरतो तो टॅक्स) नेहमीसारखा एक टक्का नाही, बराच जास्त कापला जातो, लोअर डिडक्शन सर्टिफिकेटचं (तो कमी कापायची इन्कम टॅक्सची परवानगी) आधीच सीएशी बोलून ठेवा.

लोन चालू असेल तर बँकेकडून आजची बाकी आणि त्यांच्याकडे असलेल्या कागदांची यादी मागून घ्या. फ्लोटिंग रेटचं होम लोन व्यक्तीच्या नावावर असेल तर लवकर फेडायला पेनल्टी नसते, बँकेत कोणी काहीही सांगितलं तरी.

२. घर दाखवण्यालायक करा, नवीन करू नका

मॉड्युलर किचन बसवून मग विकू, असं करू नका, घेणारा ते तोडून स्वतःच्या आवडीचं करणार. ओल मात्र काढा, आणि नुसती रंगाखाली झाकू नका, जाणकार माणूस पावसाळ्यातच फ्लॅट बघायला येतो आणि भिंतीला हात लावून बघतो. वरच्या बाथरूममधून लीकेज असेल तर वरच्यांशी आत्ता बोला. बाकी गळके नळ, बंद पडलेले स्विच, अडकणारी बाल्कनीची दारं एवढं करून घ्या. माळा रिकामा करा, जुन्या गाद्या आणि टीव्हीचे खोके असतात तिथं. फोटो सकाळी काढा, दोरीवरचे कपडे काढून, एवढं तरी.

३. रेट स्वतः काढा

ऑनलाइन साइटवर दिसतो तो मागितलेला भाव असतो, मिळालेला नाही. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या साइटवर ई-सर्च (रजिस्टर झालेले दस्त शोधायची सोय) आहे, तुमच्याच रस्त्यावरचे व्यवहार कितीला रजिस्टर झाले ते इंडेक्स टूमध्ये मोबदला म्हणून लिहिलेलं असतं. शेजारच्या काकांनी पार्किंगमध्ये सांगितलेल्या आकड्यापेक्षा हे केव्हाही बरं. रेडी रेकनरची (सरकारनं त्या भागासाठी ठरवलेल्या दराची) किंमतही बघून ठेवा, कारण व्यवहार त्याच्यापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त खाली दाखवला तर इन्कम टॅक्सवाले तुमची विक्री रेडी रेकनरनंच धरतात.

आणि रीडेव्हलपमेंट, म्हणजे जुनी बिल्डिंग पाडून नवीन बांधणं. बिल्डिंगमध्ये नुसती चर्चा चालू आहे, ठराव झालाय, की बिल्डरशी करार झालाय, या तिन्हीत भाव वेगळा. करार झाला असेल तर बिल्डर देणार ते भाडं, कॉर्पस (एकरकमी पैसे), वाढीव एरिया हे सगळं कोणाकडे जाणार ते लेखी हवं. एजंट याला "अप्साइड", म्हणजे पुढचा फायदा, म्हणून पार्टीला विकतो, तर मग ती अप्साइड तुमच्या भावातही दिसली पाहिजे ना.

४. आता एजंट

पाच जणांना फ्लॅट दिला की पाच वेगळे रेट लिहून पाच जाहिराती पडतात, आणि बघणाऱ्याला वाटतं मालक घायकुतीला आलाय. दोघांना द्या, दोघांना एकच रेट सांगा, किंवा एकालाच द्या पण मुदत घालून, दीड-दोन महिने, नंतर मोकळं. भेटल्यावर विचारा की याच भागात गेल्या वर्षात कुठले रिसेल केलेत आणि त्यातल्या एखाद्या मालकाशी बोलायला द्याल का. महारेराचा (राज्याच्या रिअल इस्टेट नियामकाचा) एजंट रजिस्ट्रेशन नंबर विचारा. कायद्यानं तो बिल्डरच्या रजिस्टर्ड प्रोजेक्टमधले फ्लॅट विकायला लागतो, जुन्या बिल्डिंगच्या रिसेलला सक्तीचा नाही, पण नंबर असलेला माणूस साइटवर सापडतो, उद्या फोन बंद करून गायब झाला तर निदान नाव-पत्ता तरी हाताशी असतो.

ब्रोकरेज साधारण एक ते दोन टक्के, आणि बहुतेक वेळा तो दोन्हीकडून घेतो. म्हणजे तुमचा भाव वाढवण्यापेक्षा डील लवकर क्लोज होणं त्याच्या फायद्याचं असतं, यात त्याचं वाईट काही नाही, पण बैठकीत "दोन लाख सोडा ना सर" कोण म्हणतंय ते ऐकताना लक्षात ठेवा. हे आधीच व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना लिहून घ्या: किती टक्के, जीएसटी धरून की वेगळा, आणि कधी. एजंट लोक पूर्ण रक्कम रजिस्ट्रेशनच्या दिवशी मागतात, तुम्ही अर्धी तेव्हा आणि अर्धी पूर्ण पेमेंट आल्यावर असं ठरवा. बिल घ्याच, टॅक्ससाठी भांडवली नफा (विक्रीतून झालेला नफा) काढताना ब्रोकरेज खर्चात धरता येतं, बिल नसेल तर ते कशाच्या जोरावर धरणार.

कोण एजंट कुठल्या पार्टीला कधी घेऊन आला ते तारखेसकट लिहून ठेवा, डील झाली की दुसरा येतो आणि म्हणतो ही पार्टी माझी होती. किल्ली एजंटकडे ठेवू नका, शेजारी द्या. आणि पितृपक्षात फोन बंद झाले म्हणून रेट पाडू नका, त्या पंधरवड्यात कोणी टोकन देत नाही, दसऱ्याला परत सगळे जागे होतात.

५. टोकन आणि पुढे

टोकन चेकनं किंवा ऑनलाइन घ्या. "थोडे कॅश" म्हणणारी पार्टी येणारच, पण जमिनीच्या किंवा घराच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेता येत नाही, घेतली तर तेवढाच दंड लागू शकतो आणि तो घेणाऱ्याला, म्हणजे तुम्हाला.

टोकन पावतीत एकूण किंमत, अ‍ॅग्रीमेंटची तारीख, पार्टीचं लोन नाही झालं तर टोकन परत की नाही, फर्निचरमधलं काय राहणार, ट्रान्सफरचा खर्च कोणाचा, एवढं तरी पाहिजे. सोसायटीचं ट्रान्सफर प्रीमियम (फ्लॅट नवीन नावावर चढवायची रक्कम) महापालिका हद्दीत जास्तीत जास्त २५,००० आहे, त्यावर "डोनेशन" मागणाऱ्या सेक्रेटरींना ठराव आणि पावती दोन्ही मागा, बरेचदा विषय तिथंच संपतो. पार्किंगचं सोसायटीचं अलॉटमेंट पत्र हातात नसेल तर पावतीत "पार्किंगसह" लिहू नका.

किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर पार्टी एक टक्का टीडीएस कापून तुमच्या पॅनवर भरणार. स्टॅम्प ड्युटी नि रजिस्ट्रेशन सहसा घेणाऱ्याकडे.

टॅक्सचं मात्र टोकन घ्यायच्या आधी सीएकडे बसून बघा. दोन वर्षांपेक्षा जास्त ठेवलेल्या घराच्या नफ्यावर १२.५ टक्के टॅक्स, इंडेक्सेशनशिवाय (म्हणजे खरेदीची किंमत महागाईनुसार न वाढवता). २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेलं असेल आणि तुम्ही भारतात राहणारे असाल तर इंडेक्सेशन लावून २० टक्के हा पर्यायही आहे, जे कमी बसेल ते. २००१ च्या आधीचा फ्लॅट असेल तर १ एप्रिल २००१ ची किंमत धरता येते, त्यासाठी व्हॅल्युअरचा रिपोर्ट लागतो. विकल्यापासून दोन वर्षांत दुसरं घर घेणार असाल तर नफ्यावर सूट मिळते, फक्त रिटर्नच्या तारखेपर्यंत पैसे वापरले गेले नाहीत तर ते बँकेतल्या खास कॅपिटल गेन्स खात्यात टाकावे लागतात, हे विसरून एफडी करणारे खूप आहेत.

ताबा शेवटचा पैसा खात्यात आल्यावरच द्या, बँकेचं डिसबर्समेंट (पार्टीच्या लोनचे पैसे सोडणं) "उद्या होतंय" यावर नाही. त्या दिवशी लाइट मीटरच्या रीडिंगचा फोटो काढा, ताबा पावतीवर दोघांच्या सह्या घ्या, गॅसचं डिपॉझिट कोणाचं ते लिहा, आणि लाइट बिल व टॅक्सवरचं नाव बदलायचे अर्ज पार्टीकडून तिथंच भरून घ्या, नाहीतर त्या फ्लॅटच्या थकबाकीचे मेसेज तुमच्या मोबाइलवर येत राहतील.