नांदूर मध्यमेश्वरला पक्षी बघायला जाताय? मग हे वाचा

निफाड तालुक्यातलं हे अभयारण्य गोदावरी आणि कादवाच्या संगमावरच्या बंधाऱ्यामुळे तयार झालंय आणि महाराष्ट्रातली पहिली रामसर साइट (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) आहे, 2020 मध्ये जाहीर झाली. जायचं तर डिसेंबर ते फेब्रुवारी, आणि सकाळी लवकरच, कारण ऊन चढलं की पाण्यावरची हवा थरथरते आणि दुर्बिणीतून सगळंच धूसर दिसायला लागतं.

चापडगावच्या बाजूने शिरा, तिकडे मनोरे आहेत. 8x42 ची (8 पट मोठं दाखवणारी, 42 मिमी भिंगाची) दुर्बीण पुरते. सूर्य पाठीशी ठेवा, नाहीतर सगळी बदकं काळीच दिसणार.

नवीन असाल तर आधी थापट्या बदक शोधा. पळीसारखी रुंद चोच, ती पाण्यात टेकवून डोकं डावीउजवीकडे हलवत पुढे जातो, चोचीच्या कडेच्या बारीक दातऱ्यांतून पाणी गाळून किडे-बिया खातो, पाच मिनिटं नुसतं तेच बघा, फार भारी वाटतं! मग लांब टोकदार शेपटीचा तलवार बदक आणि केशरी-तपकिरी चक्रवाक. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला हंस दिसला तर नशीब, तो हिमालय ओलांडून येतो.

सगळे वारकरी (पांढऱ्या कपाळाचे काळे पाणपक्षी) एकदम पळायला लागले की वर बघा, बहुतेक मार्श हॅरियर हा शिकारी पक्षी आलेला असतो.

आणि प्लीज, फोटोसाठी थवा उडवू नका. एवढ्या लांबून आलेत, त्यांना इथे खाऊन परतीसाठी चरबी साठवायची असते, प्रत्येक उड्डाणात ती जळते.