रेल्वेने आणि लोकल बसने औलीला कसं पोचायचं

उत्तराखंडातल्या औलीला बर्फात स्कीइंग करायला जायचं म्हटलं की एक सल्ला हमखास मिळतो: ‘सकाळी हरिद्वारला उतरा, समोरच बस मिळेल, संध्याकाळी जोशीमठ.’ नकाशावर हे अगदी शक्य दिसतं. ऋषिकेश ते औलीच्या पायथ्याचं जोशीमठ हे अंतर जेमतेम २५० किलोमीटर, म्हणजे मुंबई-कोल्हापूरपेक्षाही कमी. पण हा सगळा रस्ता आधी गंगेच्या आणि मग अलकनंदेच्या कडेकडेने वळणं घेत चढणारा घाट आहे आणि बसला दहा तास सहज लागतात. त्यात जानेवारी-फेब्रुवारीत साडेपाच-सहाला अंधार होतो आणि अंधार पडल्यावर पहाडी बस चालवत नाहीत. तेव्हा सकाळी दहाला हरिद्वारला उतरणारा माणूस त्या दिवशी जोशीमठला पोचत नाही. हा सल्ला देणारे बहुतेक स्वतःच्या गाडीने गेलेले असतात.

रेल्वेचा भाग सोपा आहे. मुंबईहून लोकमान्य टिळक टर्मिनस आणि वांद्रे टर्मिनस इथून हरिद्वारच्या थेट गाड्या आहेत. केरळहून मडगाव-पनवेलमार्गे योगनगरी ऋषिकेशला जाणारी साप्ताहिक गाडी कोकणातल्या आणि गोव्यातल्या लोकांना सोयीची पडते. बाकीच्यांनी दिल्ली गाठावी, तिथून हरिद्वारला दिवसभर गाड्या असतात. ऋषिकेश ते कर्णप्रयाग या १२५ किलोमीटरच्या रेल्वेमार्गाच्या बातम्या वाचून कुणी पुढचं तिकीट शोधत बसू नये. त्याचं काम अजून चालू आहे.

हरिद्वारला उतरलात की थांबू नका, बसने किंवा शेअर रिक्षाने २५ किलोमीटरवरचं ऋषिकेश गाठा. संध्याकाळपर्यंत तिथं पोचायलाच हवं.

ऋषिकेशची संध्याकाळ

ही संध्याकाळ चुकली की सगळा प्रवास चुकतो.

आधी मुक्काम. ऋषिकेश म्हटलं की लोक तपोवन किंवा लक्ष्मणझुल्याकडे खोली घेतात. कॅफे, नदी, योग, सगळं तिकडेच आहे. पण पहाडी बस सुटतात त्या गावातल्या बसस्टँडवरून, आणि तो तिथून काही किलोमीटर लांब आहे. पहाटे चारला, जानेवारीच्या थंडीत, पाठीवर सॅक घेऊन रिक्षा शोधायची हौस असेल तर खुशाल तिकडे राहा. मी स्टँडपासून चालत जाता येईल अशीच खोली घेतो. खोली साधी असते, रात्रभर हॉर्न ऐकू येतात, पण झोपायचं तरी किती असतं?

खोलीत सामान टाकून लगेच स्टँडवर जा आणि खिडकीवर विचारा. इथल्या बहुतेक पहाडी बस सरकारी नसतात. गढवाल मोटर ओनर्स युनियनसारख्या बसमालकांच्या संघटना त्या चालवतात, त्यामुळे मोबाईलवर वेळापत्रक शोधण्यात वेळ घालवू नका. हिवाळ्यात चारधाम यात्रा बंद असते, फेऱ्या कमी होतात आणि वेळाही बदलतात. उद्याची पहिली बस किती वाजता, कुठल्या फलाटावरून, आज तिकीट देता का, हे तिघांना विचारा. तिघांची उत्तरं वेगळी आली तर त्यातली सर्वांत लवकरची वेळ खरी धरा.

विचारायचं कसं, हेही महत्त्वाचं आहे. ‘बद्रीनाथची बस’ विचारलीत तर नाही म्हणतील, कारण नोव्हेंबरमध्ये बद्रीनाथच्या मंदिराचे दरवाजे बंद होतात ते थेट अक्षय्य तृतीयेच्या सुमारास उघडतात. नुसतं ‘जोशीमठ जाएगी?’ असंही विचारू नका. ‘हाँ हाँ, बैठो’ असं उत्तर मिळतं आणि बस निघते गोपेश्वरची. प्रश्न असा टाका: ‘सीधी जोशीमठ, या चमोली में बदलनी पड़ेगी?’

चमोलीत बदलावं लागणार असलं तरी बिघडत नाही. गोपेश्वरची बस चमोलीपर्यंत याच रस्त्याने येते. तिथं उतरायचं, पुढे साधारण ५० किलोमीटर शेअर जीपने. फक्त चमोलीत दुपारच्या आत पोचायला हवं, कारण दुपारनंतर जीप भरायला वेळ लागतो आणि भरल्याशिवाय ती हलत नाही. कर्णप्रयागपर्यंतच्या बसचंही असंच, फक्त एक टप्पा वाढतो. मात्र थराली किंवा ग्वालदमची पाटी असलेली बस कर्णप्रयागलाच सोडायची. ती तिथून पिंडर नदीच्या खोऱ्यात वळते. आणि पाटीवर ‘श्रीनगर’ दिसलं तर दचकू नका, हे गढवालमधलं श्रीनगर. तिथवर जाणाऱ्या गाड्या भरपूर.

पहिली बस चुकली तर? सात-साडेसातपर्यंत दुसरी थेट मिळाली तर ठीक. नाही मिळाली तर टप्प्याटप्प्याने निघा, पण जोशीमठचा हट्ट सोडा. श्रीनगर, रुद्रप्रयाग किंवा पिपलकोटीला रात्र काढा. तिन्ही ठिकाणी गढवाल मंडल विकास निगमची विश्रामगृहं आहेत. संध्याकाळी एखादा जीपवाला ‘दो घंटे में पहुँचा दूँगा’ म्हणतो, त्याच्या नादी लागू नका. पिपलकोटीच्या पुढचा चढ दिवसासुद्धा घाबरवतो आणि हिवाळ्यात सावलीतल्या वळणांवर दव गोठलेलं असतं. या एका बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही.

बसमध्ये

मागच्या चाकाच्या पुढची जागा धरा, शेवटचा बाक कितीही मोकळा असो. गाडी लागत असेल तर उलटीची गोळी बसायच्या अर्धा तास आधी घ्यायची. पहिलं वळण आल्यावर घेऊन उपयोग नाही. देवप्रयागपर्यंत गंगा उजव्या हाताला राहते, तेव्हा खिडकी हवी तर उजवीकडची. देवप्रयागच्या अलीकडे तीनधाराला बस जेवणासाठी थांबते. पराठा खा, पण एकच. सुट्टे पैसे जवळ असू द्या. सामान टपावर जातं, म्हणून चाकांची सूटकेस नको, सॅक हवी आणि तिला पावसाळी कव्हर हवं. श्रीनगर आणि रुद्रप्रयागच्या मध्ये सिरोबगडला दरड कोसळून रस्ता बंद होतो, तो प्रकार मुख्यतः पावसाळ्यातला. हिवाळ्यात अडवतो तो जोशीमठच्या आसपासचा ताजा बर्फ.

जोशीमठ ते औली

जुने लेख इथं ‘आशियातल्या लांब रोपवेंपैकी एक’ असं म्हणून जवळपास ४ किलोमीटरच्या रोपवेची तिकिटं काढायला सांगतात. जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठची जमीन खचायला लागली, तेव्हा तो बंद करण्यात आला. त्याच्यावर विसंबून बेत आखू नका. औलीतली चेअरलिफ्ट वेगळी. ती वरच्या उतारांवर नेते, गावातून वर आणत नाही.

म्हणून रस्त्यानेच जायचं. जोशीमठच्या बाजारातून जीप मिळते, अंतर १५ किलोमीटरच्या आसपास. त्याच संध्याकाळी वर जाऊ नका. जोशीमठ साधारण १९०० मीटरवर आहे आणि औलीचे उतार २५०० ते ३००० मीटरवर, त्यामुळे एक रात्र खाली झोपलेलं शरीरालाही बरं. शिवाय सकाळी ड्रायव्हरला रस्त्याची खरी स्थिती माहीत असते. ताजा बर्फ असेल तर जीपच्या चाकांना साखळ्या लावतात, आणि तरीही ती कधी कधी हॉटेलच्या बऱ्याच खाली थांबते. भाडं ठरवतानाच विचारा, ‘गाडी कहाँ तक जाएगी?’ आणि उरलेलं अंतर चालायची तयारी ठेवा.

स्की, बूट, काठ्या घरून ओढत आणायची गरज नाही, सगळं वर भाड्याने मिळतं. शिकायचं असेल तर विकास निगमचे ७ आणि १४ दिवसांचे कोर्स असतात, त्यांची जागा मात्र आधी धरावी लागते. निघण्याच्या आदल्या दिवशी हॉटेलला फोन करून बर्फ आहे का ते विचारा, कारण जानेवारीतही उतार कोरडे असू शकतात.

परतीची बसही जोशीमठहून पहाटेच सुटते आणि संध्याकाळपर्यंत ऋषिकेशला उतरवते. हरिद्वारहून त्याच रात्रीच्या गाडीचं आरक्षण करू नका, दुसऱ्या दिवशीचं करा.