कोकणातल्या लेण्यांमधला दानलेख वाचायचा कसा

कुडा, महाडजवळचं गांधारपाले आणि कान्हेरी. उत्तर कोकणातल्या या तीन ठिकाणी ब्राह्मी लिपीतले प्राकृत दानलेख आहेत आणि त्यांतले बरेचसे इसवी सनाच्या पहिल्या दोन-तीन शतकांतले आहेत. लढाया आणि पराक्रम शोधायला जाल तर हाती फारसं लागणार नाही. किनाऱ्यावर तेव्हा पैसा कोणाच्या गाठीला होता, माणूस आपली ओळख कशी सांगायचा, दान कोण कोणाला द्यायचं, हे मात्र एकेका ओळीत सापडतं.

सुरुवात कुड्यापासून करा. रायगड जिल्ह्यात मांदाडजवळ ही लेणी आहेत आणि तिथले लेख आखूड आहेत. कान्हेरी नंतर. तिथे सातवाहन काळाच्या जोडीला राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या काळातले संस्कृत लेख आहेत, शिवाय इ.स. 1009 आणि 1021 मध्ये येऊन गेलेल्या पारशांचे पहलवी (जुन्या इराणी लिपीतले) लेखही आहेत. ब्राह्मीचा तक्ता घेऊन पहलवीशी झटापट करण्यात दिवस गेला, तर दोष लेखाचा नाही.

पावसाळ्यात जाऊ नका. भिंती पाझरतात आणि शेवाळात अक्षरं बुजतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. बॅटरी समोरून मारली की अक्षर सपाट होऊन नाहीसं होतं, म्हणून ती भिंतीला जवळजवळ टेकवून, बाजूने तिरपी धरा. म्हणजे छिन्नीच्या खाचेत सावली पडते. डावीकडून, उजवीकडून आणि वरून असा प्रकाश टाकून त्याच जागेचे तीन फोटो घ्या. कॅमेरा भिंतीसमोर सरळ असू द्या आणि चौकटीत एक पट्टी ठेवा. आडवी रेघ डावी-उजवीकडच्या प्रकाशात दिसत नाही, ती वरच्या प्रकाशात उमटते. खडू, पीठ, तेल, ओलं फडकं यांतलं काहीही भिंतीला लावायचं नाही आणि परवानगीशिवाय ठसाही घ्यायचा नाही. संरक्षित स्मारकाला इजा केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

अक्षरांत आधी सोपी धरा. क म्हणजे अधिकचं चिन्ह, ठ म्हणजे वर्तुळ, न म्हणजे उलटा टी. व आणि म यांत गल्लत होते. व हा गोलावर उभा दांडा असतो, तर म च्या गोलाला वर दोन शिंगं असतात. सगळ्यात जास्त फसवतो तो आपला काळा दगड. त्यातली बारीक भोकं हुबेहूब अनुस्वारासारखी दिसतात. म्हणून आजूबाजूला वीतभर नजर फिरवा. तशीच भोकं कोऱ्या जागेवरही विखुरलेली असतील, तर तो अनुस्वार धरू नका.

आता वाचन. लेख शेवटाकडून उलगडायचा. कुड्याचा हा एक लेख घ्या: ‘करहाकडकस लोहवाणियियस महिकस देयधंम लेण’. शेवटी वस्तू आहे, लेणं. त्याआधी देयधंम, म्हणजे दान. बाकी तीन शब्दांच्या टोकाला ‘स’ आहे, तो आपला ‘चा, ची, चे’. म्हणजे कऱ्हाडच्या महिक नावाच्या लोखंडाच्या व्यापाऱ्याने दिलेलं लेणं. घाटावरचा व्यापारी खाली खाडीकाठी येऊन खर्च करतो, यावरून मालाची वाट कुठून कुठे होती ते कळतं. जोडाक्षरं फारशी लिहीत नसत, त्यामुळे ‘पुतस’ दिसलं की ‘पुत्राचा’ समजा. वहीत गाव, धंदा, नाव, कोणाचा कोण आणि वस्तू असे पाच रकाने आखा. रकाना भरता आला नाही तर रिकामा सोडा. ओढूनताणून भरलेला एक रकाना पुढचं सगळं वाचन बिघडवतो.

सर्वाधिक चुका होतात त्या माणसांच्या नावांवरून निष्कर्ष काढताना. कुड्याच्याच एका लेखात दाता आहे शिवभूती. तो लेखक, म्हणजे महाभोज (स्थानिक सत्ताधीश) मांदव खंदपालित याच्या दरबारचा कारकून. नाव शिवाचं, नोकरी स्थानिक सत्ताधीशाकडे आणि दान बौद्ध भिक्षूंच्या लेण्याचं. ‘हा शैव की बौद्ध?’ असा आजचा प्रश्न त्याच्यावर लादला की लेख अडखळतो. घराण्यात चालत आलेलं नाव आणि दानाचं पुण्य या दोन्ही गोष्टी एकाच घरात सुखाने नांदत होत्या. याच लेखात महाभोजाची ओळख आईवरून दिली आहे, महाभोजी विजया हिचा मुलगा म्हणून. सातवाहनांचं ‘गोतमीपुत्र’ही त्याच वळणाचं. एवढ्यावरून स्त्रीराज्य होतं असं लिहून मोकळे होऊ नका, गादी मुलगेच चालवत होते. पण महाभोजी ही पदवी स्त्रीच्या नावामागे लागते, तेवढी नोंद ठेवाच.

पदव्यांवर खूण करत चला. ‘महाभोज’ म्हणजे बडा स्थानिक सत्ताधीश, ‘अमच’ म्हणजे अमात्य, राजाचा अधिकारी. ‘आहार’ म्हणजे जिल्ह्यासारखा कारभाराचा विभाग, त्याचा जेवणाशी संबंध नाही. गांधारपाल्यात कुमार काणभोज विण्हुपालिताने लेणं, चैत्यघर (स्तूप असलेलं पूजागृह), आठ ओवरक (खोल्या) आणि दोन पोढी (पाण्याची टाकी) दिली आहेत. तिथे संख्या शब्दात आणि अंकात दोन्ही येते, त्यामुळे ब्राह्मी अंक शिकायला हा लेख चांगला. 1, 2, 3 म्हणजे तितक्या आडव्या रेघा. दहा, वीस, शंभर यांना मात्र स्वतंत्र चिन्हं आहेत, शून्य नाही.

कालगणना असेल तर ती राजाचं वर्ष, ऋतू, पक्ष, दिवस अशी येते. ऋतू तीनच: गिम्ह (उन्हाळा), वास (पावसाळा), हेमंत (हिवाळा). प्रत्येकाचे चार महिने, म्हणजे आठ पक्ष. पक्षाचा आकडा 8 च्या वर किंवा दिवसाचा 15 च्या वर आला, तर तुम्ही चुकीचं वाचलं आहे. राजाचं नाव नसेल तर ते वर्ष इसवी सनात बदलण्याच्या भानगडीत पडू नका.

पैशांचे लेख शेवटी घ्या. सरावाला क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा नाशिकचा लेख उत्तम. लेख घाटावरचा असला तरी हा दाता कोकणाला चांगला ओळखतो. त्याने सोपाऱ्याला धर्मशाळा बांधली, डहाणूच्या नदीवर फुकट नाव ठेवली आणि एका गावातली नारळाची 8000 झाडं दान दिली. त्याने 3000 कार्षापण (तेव्हाची नाणी) विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यवसाय-संघांकडे, कायमचे ठेवले: 2000 महिना एक टक्क्याने, 1000 पाऊण टक्क्याने. मुद्दलाला हात लावायचा नाही, फक्त व्याज वापरायचं. पहिल्या रकमेचं व्याज महिन्याला 20, वर्षाला 240. वर्षावासातल्या (पावसाळ्यात लेण्यात मुक्काम करणाऱ्या) 20 भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी 12, म्हणजे बरोब्बर 240. दुसऱ्या रकमेचे वर्षाला 90 येतात, ते भिक्षूंच्या किरकोळ खर्चाला. कुठल्याही अक्षयनीवीच्या, म्हणजे कायम ठेवीच्या लेखात हीच मांडणी करून पाहा. हिशेब जुळला नाही तर आधी शंभराच्या आणि हजाराच्या चिन्हाला जोडलेली बारीक रेघ सुटली का ते बघा, मग व्याजाचा दर पुन्हा वाचा.