बागेत कामाला येणारी बाई गरोदर असेल तर

मी दिंडोरी तालुक्यात आशा म्हणून काम करते. हे लिहितेय ते द्राक्षबागायतदार दादा-ताईंसाठी आणि पेठ-सुरगाण्याहून टोळी घेऊन येणाऱ्या मुकादमांसाठी. गरोदर बाईनं काय खावं, कधी तपासणीला यावं हे आम्ही तिला सांगतोच. पण उजाडल्यापासून दिवस कलेपर्यंत ती असते तुमच्या बागेत. तिथं तिला पाणी मिळतं का, आडोसा आहे का, एक खाडा झाला तर घरात किराणा येतो का, यावर तिच्या बाळाचं वजन बऱ्याच अंशी ठरतं. जन्मताच अडीच किलोपेक्षा कमी भरलेल्या बाळाला गारठा लवकर बाधतो, दूध ओढायला ताकद पुरत नाही, जंतुसंसर्ग पटकन होतो.

पहिलं काम विचारायचं. टोळीतली बाई आपणहून सांगत नाही, कारण उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, घेतलेली असते आणि सांगितलं तर काम जाईल ही धास्ती असते. म्हणून घरातल्या ताईंनी बायकांशी वेगळं बोलावं आणि आधीच शब्द द्यावा : काम जाणार नाही, हजेरी कापली जाणार नाही. मग गावातल्या आशाताईला कळवा. नोंदणी बारा आठवड्यांच्या आत झालेली बरी. तिच्या गावचं माता-बाल संरक्षण कार्ड इथंही चालतं. ते पिशवीत ठेवायला सांगा, नाहीतर मागची तपासणी आणि इंजेक्शनं कुणालाच कळत नाहीत.

आता पाणी. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण याकडे कुणी बघतच नाही. गेल्या हंगामात एका बागेत सातव्या महिन्यातली एक पोरगी विरळणीला, म्हणजे घडातले जादा मणी काढायला, यायची. सकाळी भरून आणलेली बाटली संध्याकाळी जवळपास तशीच परत न्यायची. विचारलं तर म्हणाली, ‘पाणी प्यायलं की जावं लागतं ताई, आणि जायचं कुठं? सगळीकडं माणसं.’ पाणी कमी पिऊन, लघवी दाबून ठेवून लघवीच्या जागी जंतुसंसर्ग होतो, आणि गरोदरपणात तो वाढला तर दिवस भरायच्या आत कळा सुरू होऊ शकतात. तिचं तसंच झालं. ताप आला, जळजळ अंगावर काढली आणि बाळ लवकर आलं. नवजात अतिदक्षता कक्षात बरेच दिवस ठेवावं लागलं, तेव्हा ते वाचलं. त्यानंतर त्या बागायतदारांनी बांधाच्या कडेला चार बांबू रोवले, हिरवी शेडनेट गुंडाळली, आत खड्डा आणि पाण्याचा ड्रम ठेवला. एका दुपारचं काम. टोळीतल्या सगळ्याच बायका पाणी प्यायला लागल्या.

काम वाटून देताना तिला औषधापासून लांब ठेवा. ऑक्टोबर छाटणीनंतर वेलीचे डोळे, म्हणजे कोंब, एकसारखे फुटावेत म्हणून काड्यांना पेस्ट लावतात, ती तिच्या हाती देऊच नका. डिपिंग, म्हणजे घड औषधाच्या पाण्यात बुडवणं, नको, फवारणी चालू असलेल्या प्लॉटमध्ये पाठवणं नको. भरलेली क्रेट उचलायला लावू नका. पॅकिंगला बसून मणी काढायचं काम द्या, मध्ये पाय लांब करून बसू द्या, आणि मजुरी इतरांइतकीच द्या. हलकं काम म्हणून कमी पैसे दिले, तर पुढच्या आठवड्यात ती आपणच क्रेट मागेल.

तपासणीच्या दिवसाचंही तसंच आहे. दर महिन्याच्या 9 तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी दवाखान्यात डॉक्टर गरोदर बायकांना मोफत तपासतात. तपासणी फुकट असली, तरी तिला ती एका हजेरीला पडते, वर गाडीभाडं. म्हणून ती टाळते, आणि रक्तदाब वाढलाय की हिमोग्लोबिन सातच्या खाली गेलंय हे कळतं थेट बाळंतपणात. त्या दिवसाची हजेरी तुम्ही भरा. यादीतली एकच गोष्ट करणार असाल, तर ही करा.

जेवणाचं बघा. ती आदिवासी पट्ट्यातल्या आपल्या गावी असती, तर शेवटचे तीन महिने आणि बाळंतपणानंतर सहा महिने अंगणवाडीत अमृत आहार योजनेचं एक वेळचं गरम जेवण मिळालं असतं. तुमच्याकडे येऊन ते सुटतं. इथं डब्यात भाकरी आणि मिरचीचा ठेचा. दुपारी वाटीभर घट्ट डाळ, एखादं अंडं किंवा मूठभर शेंगदाणे-गूळ दिलंत तर मोठी मदत होईल. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नये, कॅल्शियमच्या गोळीबरोबरही नको. लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर चांगली लागू पडते. शी काळी होते म्हणून घाबरून बायका गोळ्या सोडतात. तसं होणारच, हे आधी सांगून ठेवा.

पहिल्या बाळंतपणाला प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे 5000 रुपये दोन हप्त्यांत मिळतात, दुसरी मुलगी झाली तर 6000. बँक खातं आधारला जोडलेलं लागतं. तेवढ्यासाठी तिला बँकेत नेऊन आणा, एकटीनं तिथं तिला कुणी नीट उत्तर देत नाही. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषधं, जाण्यायेण्याची गाडी हे सगळं मोफत आहे.

बाळंतीण परत लवकर कामावर येते, कारण घर चालायला हवं. जमलं तर तिची उचल पुढच्या हंगामावर ढकला. आलीच, तर बाळाला अंगावर पाजायला दर दोन-अडीच तासांनी सुट्टी द्या. पहिले सहा महिने त्याला आईच्या दुधाशिवाय काही नको, पाणीसुद्धा नको. निफाड-दिंडोरीच्या थंडीत बागेत टांगलेली झोळी लहानग्यासाठी नाही. घरातली, निदान शेडमधली उबदार खोली द्या. कमी वजनाच्या बाळाला आईनं उघड्या छातीशी धरून वरून गोधडी घ्यावी.

डोकं फार दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, तोंडावर सूज, रक्त किंवा पाणी जाणं, बाळाची हालचाल मंदावणं, यातलं काहीही दिसलं तर काम थांबवून 108 ला फोन. जन्मलेलं बाळ दूध ओढेना, अंगाला गार लागतंय, छाती आत ओढून श्वास घेतंय, तळहात-तळपाय पिवळे पडलेत, तरीही तेच. बागेला पत्ता नसतो, म्हणून गट नंबर, जवळची विजेची डीपी किंवा देऊळ, वळणाची खूण हे सगळं शेडच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा आणि फोन झाला की एक माणूस डांबरी रस्त्यावर उभा करा.