बोअरचं जड पाणी: या चुका टाळा

साबणाला फेस येत नाही, डाळ शिजत नाही, नळावर पांढरे डाग पडतात. याच्या मुळाशी पाण्यात विरघळलेले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असतात. जमिनीत मुरणारं पाणी मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होतं आणि खडक विरघळवतं. त्यासाठी चुनखडीच हवी असं नाही. आपल्या काळ्या पाषाणातही दोन्ही धातू असतात.

टीडीएस मीटर पाहून जडपणा ठरवू नका. ते फक्त एकूण क्षारांचा अंदाज देतं. साधं मीठ टाकलं तरी आकडा चढतो. प्रयोगशाळेत ‘एकूण दुष्फेनता’, म्हणजे जडपणा, तपासून घ्या. पिण्याच्या पाण्यासाठी आयएस १०५०० या भारतीय मानकाची मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोतच नसेल तर ६००.

उकळल्यावर पाणी मऊ होतं, हे अर्धंच खरं. उष्णतेने बायकार्बोनेट मोडतात आणि कॅल्शियम कार्बोनेट तळाशी बसतं. या धातूंचे सल्फेट आणि क्लोराइड मात्र कितीही उकळा, तसेच राहतात. उलट पाणी आटून ते दाटतात. तुरटीने तर गढूळपणा जातो, जडपणा नाही.

कपड्यांसाठी धुण्याचा सोडा कामाचा. खाण्याचा नव्हे, तो इथे निरुपयोगी. ४०० मिलिग्रॅम दुष्फेनतेच्या २० लिटर पाण्याला कोरड्या, निर्जल सोड्याचे साधारण ९ ग्रॅम लागतात; खडे असतील तर सुमारे पावणेतीनपट. आधी सोडा विरघळवून थोडा वेळ थांबा, मग साबण. क्रम उलटा केला तर साबणाचा चिकट साका कपड्यावर बसतोच. मॅग्नेशियम जास्त असेल तर एवढ्यानेही पूर्ण भागत नाही.

गीझर ७० अंशांवर ठेवला की कॉइलवर थर भराभर चढतो; ५० ते ५५ पुरे. किटलीतला थर काढायला लिटरभर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे लिंबूफूल (सायट्रिक अ‍ॅसिड) घालून अर्धा तास ठेवा. खळखळ उकळू नका, नाहीतर कॅल्शियम सायट्रेटचा नवा थर बसू शकतो. अ‍ॅसिडमध्ये ब्लीच कधीही मिसळू नका, विषारी क्लोरीन सुटतो. आणि शहाबादी फरशीवर अ‍ॅसिड ओतू नका. ती स्वतःच चुनखडीची. डागाबरोबर फरशीही झिजते.

सॉफ्टनर, म्हणजे पाणी मऊ करणारं यंत्र, कॅल्शियम काढून सोडियम सोडतो: दर १०० मिलिग्रॅम दुष्फेनतेमागे सुमारे ४६ मिलिग्रॅम. म्हणून ते पाणी कुंड्यांना घालू नका, आणि घरात मीठ कमी खाणारा रुग्ण असेल तर स्वयंपाकघराचा नळ सॉफ्टनरच्या आधीच्या पाइपवरून घ्या.