डेम्पस्टरला निघण्यापूर्वी: ट्रक, स्टेपनी आणि बाकीची तयारी

एडमंटनहून पिकअप ट्रकने निघून कॅनडाच्या उत्तरेतल्या डेम्पस्टर हायवेने टुक्टोयाक्टुकपर्यंत, म्हणजे थेट आर्क्टिक महासागराच्या काठापर्यंत, आम्ही दोनदा जाऊन आलो. यंदा ओळखीतली दोन मराठी कुटुंबं ऑगस्टअखेरीस निघणार आहेत आणि रोज कुणी ना कुणी फोन करून काहीतरी विचारतं. ती सगळी उत्तरं एका जागी लिहून ठेवते.

आधी रस्ता समजून घ्या, म्हणजे यादी अशी का आहे ते कळेल. डॉसन सिटीच्या पूर्वेला ४० किलोमीटरवर क्लॉन्डाइक हायवेला फाटा फुटतो, तो डेम्पस्टरचा शून्य किलोमीटर. (नकाशात डॉसन क्रीक दिसलं की तेच समजू नका. ते अलास्का हायवेच्या सुरुवातीचं गाव, डॉसन सिटीपासून सुमारे १,९०० किलोमीटर अलीकडे.) फाट्यापासून इनुविक सुमारे ७४० किलोमीटर, आणि तिथून पुढे २०१७ साली खुला झालेला टुकचा (टुक्टोयाक्टुकचा) रस्ता साधारण १४० किलोमीटर. जवळजवळ सगळा रस्ता खडीचा. खालची जमीन कायम गोठलेली असते, ती वितळू नये म्हणून तिच्यावर एक-दोन मीटर जाडीचा भराव टाकून रस्ता वरून नेलाय. त्यामुळे रस्ता उंच, कडा मऊ, आणि काही टप्प्यांत खडी म्हणजे शेल दगडाच्या धारदार चिपा. पहिलं पेट्रोल ३६९ व्या किलोमीटरला, ईगल प्लेन्सला. तोवर गॅरेज नाही, दुकान नाही, फोनला रेंज नाही.

म्हणून आमच्या घरात एकच नियम केलाय: जी वस्तू घरासमोर एकदा वापरून बघितलेली नाही, ती सोबत आहे असं धरायचं नाही.

हा नियम स्टेपनीने शिकवला. पहिल्या खेपेला ओगिल्वी नदी सोडून रस्ता चढाला लागतो तिथे मागचा डावा टायर बाजूने फाटला. जॅक होता, पाना होता, स्टेपनीही होती. पिकअपची स्टेपनी हौद्याखाली एका तारेला टांगलेली असते, मागून लांब दांडी घालून फिरवली की ती खाली येते. आमची येईना. एडमंटनच्या हिवाळ्यात रस्त्यावर टाकतात त्या मिठाने तार गुंडाळणारी चरखी आतून गंजून गच्च झाली होती. नवरा खाली उताणा पडून हातोडीने ठोकतोय, मी दांडी फिरवतेय, डोळ्यांत गंजाचा भुगा जातोय. असे अडीच तास गेले. शेवटी इनुविकहून परतणाऱ्या एका मालट्रकवाल्याने थांबून बोल्टकटरने तार कापली. निघायच्या आठवडाभर आधी सर्व्हिसिंग केलेल्या गॅरेजने 'सगळं तपासलंय' असं लिहून दिलं होतं. स्टेपनी खाली उतरवून कुणी बघितली नव्हती, आम्हीही नाही.

तेव्हा निघायच्या महिनाभर आधी स्टेपनी खाली उतरवा, चरखीला ग्रीस लावा, स्टेपनीत हवा भरा आणि परत वर चढवा. जमलं तर तिला हौद्यातच आडवी बांधून न्या. एक स्टेपनी पूर्ण मापाची हवीच, दोन असतील तर उत्तम. टायर दहा प्लायचे, ई लोड रेंजचे, एलटी (म्हणजे लाइट ट्रक) छापाचे घ्या. शहरातल्या गाडीचे पातळ टायर या चिपांपुढे टिकत नाहीत. हवा रिकाम्या ट्रकची नाही, सगळं सामान आणि माणसं भरल्यावर मोजा. पंक्चरचं किट, म्हणजे टोच्या, भोकात भरायच्या रबरी वळ्या आणि चिकटवायचं सोल्युशन, आणि बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घ्या. एखाद्या जुन्या टायरला मुद्दाम खिळा मारून वळी भरून बघा. पहिल्यांदा टोच्या आत घालताना लागतो तेवढा जोर आपण कधी लावलेला नसतो. बाजूने फाटलेल्या टायरला वळीचा उपयोग नाही, हेही लक्षात ठेवा. जॅकखाली ठेवायला दीड-दोन फुटांची जाड फळी घ्या, कारण मऊ खडीत जॅक वर जाण्याऐवजी खाली रुततो. नट सोडवायला लांब दांड्याचा पाना घ्या, आणि चाक बदलल्यावर शंभरएक किलोमीटरने नट पुन्हा आवळा.

पेट्रोलचं गणित सोपं आहे, पण कागदावर मांडा. डॉसनला टाकी गच्च भरा. तिथून ईगल प्लेन्स ४०० किलोमीटरच्या वर. पुढे फोर्ट मॅकफर्सन आणखी सुमारे १८०, मग इनुविक तितकंच. भरलेला ट्रक खडीवर आणि वाऱ्यात शहरापेक्षा कितीतरी जास्त पितो, तेव्हा वीस लिटरचा एक कॅन सोबत असू द्या. पेट्रोलला लाल, डिझेलला पिवळा. तो कॅबिनमध्ये नाही, हौद्यात उभा आणि घट्ट बांधून. कॅनची तोटी टाकीच्या तोंडात बसते का, हेसुद्धा घरीच बघा.

इंजिनचं काम गॅरेजकडे द्या: ऑइल, कूलंट, बेल्ट, ब्रेक, बॅटरी. सोबत एक जादा एअर फिल्टर घ्या, धुळीने तो चोंदतो. टोचन मजबूत घ्या आणि ट्रकला ते नेमकं कुठे अडकवायचं हे आधीच शोधून ठेवा, बंपरला कधीच नाही. समोरून मालट्रक आला की वेग कमी करून उजवीकडे सरका. तरी काचेवर खडा बसायचा तो बसतोच. तडा तिथेच थोपवणारं रेझिनचं किट स्वस्तात मिळतं. विम्यात काच धरलीय का, टोइंग किती किलोमीटरपर्यंत आहे, आणि भाड्याचा ट्रक असेल तर करारात खडीचा रस्ता चालतो का, हे लेखी विचारा. बऱ्याच भाड्याच्या करारांत डेम्पस्टरला मनाई असते.

संपर्काबद्दल एक गैरसमज मी स्वतः बाळगून होते. नवीन आयफोनला उपग्रहावरून एसओएस पाठवता येतो, मग वेगळं यंत्र कशाला? पण ती सोय ६२ अंश अक्षांशाच्या वर चालेलच असं नाही, असं ॲपलच सांगतं. डेम्पस्टरचा शून्य किलोमीटरच त्याच्या वर आहे. इरिडियम कंपनीचे उपग्रह ध्रुवापर्यंत पोचतात, म्हणून त्यांच्यावर चालणारं गार्मिन इनरीचसारखं यंत्र घ्या किंवा भाड्याने आणा. त्याची वर्गणी चालू करा, परसातून घरच्यांना दोन-चार मेसेज पाठवून बघा आणि एसओएसचं बटण कुठे आहे ते मुलांनाही दाखवा. घरी एका माणसाकडे कागद ठेवा: कोणत्या तारखेला कुठे पोचणार, आणि किती तास निरोप आला नाही तर कुणाला फोन करायचा. नकाशे फोनमध्ये उतरवून घ्या, आणि एक कागदी नकाशाही.

वेळेची तयारी ही सामानाइतकीच मोठी तयारी आहे. पील आणि मॅकेन्झी या दोन नद्यांवर पूल नाहीत. उन्हाळ्यात फेरी असते, तिला पैसे लागत नाहीत, पण नदीला पाणी चढलं की ती थांबते. पावसाने रस्ता बंद होतो. वाटेतल्या टूमस्टोनच्या डोंगरात ऑगस्टमध्येही बर्फ पडू शकतो. तेव्हा परतीच्या दिवसाला लागून ऑफिस ठेवू नका, दोन-तीन दिवस मोकळे सोडा, आणि तितक्या दिवसांचं जास्तीचं खाणं-पाणी भरा.

हे सांगताना मला नेहमी फिट्झजेराल्डची तुकडी आठवते. २१ डिसेंबर १९१० रोजी फोर्ट मॅकफर्सनहून चार पोलीस कुत्र्यांच्या गाड्या घेऊन डॉसनला निघाले. लवकर पोचायचं म्हणून शिधा नेहमीपेक्षा कमी घेतला. वाट माहीत असलेल्या एसाऊ जॉर्ज या ग्विचिन (तिथल्या मूळनिवासी) माणसाला मध्येच परत पाठवलं. वाट चुकली, कुत्री मारून खावी लागली, आणि चौघेही परतीच्या वाटेवर गेले. मार्च १९११ मध्ये ज्याने त्यांना शोधून काढलं, त्या डेम्पस्टरचं नाव या रस्त्याला आहे. चौघांच्या कबरी फोर्ट मॅकफर्सनला आहेत. पेट्रोल भरायला थांबाल तेव्हा तिथे पाच मिनिटं जा.

खाण्यात पोहे, थालीपिठाची भाजणी, मेतकूट, मुगाची डाळ, तांदूळ, तूप, बेसनाचे लाडू आणि लसणाची चटणी यांवर आमचे बारा दिवस आनंदात गेले. पण हौद्यातली धूळ कल्पनेपलीकडची असते. टेलगेटच्या फटीतून ती पिठासारखी आत येते आणि भाजणीच्या डब्याच्या आट्यांतही जाऊन बसते. दुसऱ्या दिवशीच आमचं थालीपीठ दाताखाली कचकच करायला लागलं होतं. डबे आधी जाड पिशवीत बांधा, मग रबराच्या कडेच्या खोक्यात ठेवा. फटीला चिकटपट्टी लावा.

स्वयंपाक तंबूपासून लांब, वाऱ्याच्या खालच्या बाजूला करा. आपल्या फोडणीचा वास किती लांब जातो हे अस्वलाला आपल्यापेक्षा चांगलं कळतं. खाणं, कचरा, टूथपेस्टसुद्धा रात्री ट्रकमध्ये कुलपात, तंबूत काहीही नाही. अस्वलाला पळवायचा तिखटाचा स्प्रे प्रत्येक मोठ्या माणसाच्या कमरेला हवा, सामानात पुरलेला नको. त्याची मुदत तपासा. सरावासाठी बिनतिखटाचा डबा मिळतो, तो अंगणात एकदा उडवून बघा. हा स्प्रे अंगाला लावायचा नाही, हे आजी-आजोबा बरोबर असतील तर त्यांना स्पष्ट सांगा.

जून-जुलैत जाणार असाल तर डासांसाठी डोक्यावरून घ्यायच्या जाळ्या माणशी एक आणि झोपताना डोळ्यांवर पट्टी, कारण इनुविकला जुलैच्या मध्यापर्यंत सूर्य मावळतच नाही. ऑगस्टअखेर डास कमी, टुंड्रा लालभडक, आणि रात्र परत आलेली असते म्हणून आकाशात ध्रुवीय प्रकाशही (नॉर्दर्न लाइट्स) दिसू शकतो. मला विचाराल तर तेव्हाच जा. कपड्यांत वुलनचे थर, पावसाचं जाकीट, रबरी बूट. सुती कपडे कमीत कमी.

निघायच्या दिवशी सकाळी ५११ युकॉन या वेबसाइटवर युकॉनमधल्या रस्त्याची, आणि ड्राइव्ह एनडब्ल्यूटीवर फेरीची व पुढच्या रस्त्याची स्थिती बघा, आणि डॉसन सोडताना पुन्हा बघा.

परत आल्यावर ट्रक खालून जोराच्या पाण्याने धुवा. धूळ दबावी म्हणून रस्त्यावर कॅल्शियम क्लोराइड टाकतात. त्याचा चिखल सिमेंटसारखा घट्ट बसतो आणि लोखंड खातो. आम्ही डॉसनलाच धुतला, घरी आल्यावर पुन्हा एकदा धुतला, आणि स्टेपनीची चरखी तेव्हाच पुसून ग्रीस लावून ठेवली.